‘सावध पिता’ आणि कंपनी : बालशिबिरचालकांच्या दायित्वाविषयी काही विचार

मुलांना काही तासांपुरते आपल्या ताब्यात घेणाऱ्या माणसाचे कर्तव्य इंग्रजी कायद्याने दीर्घकाळ एका रूपकाच्या आधारे सांगितले. विल्यम्स विरुद्ध इडी या १८९३ च्या खटल्यात शाळेत ठेवलेली फॉस्फरसची बाटली मुलांच्या हाती लागून स्फोट झाला व एक विद्यार्थी जखमी झाला. सावध पिता आपल्या मुलांची जी काळजी घेईल तीच शिक्षकाने विद्यार्थ्यांची घेतली पाहिजे, असा दंडक लॉर्ड ईशर यांनी तेथे घालून दिला. शाळेपुरता सांगितलेला हा दंडक पुढे सहली व सुटीतील शिबिरे यांनाही लागू पडत गेला.

मराठीत ‘पालक’ हा शब्द जन्मदात्यालाही लागतो आणि सांभाळ करणाऱ्यालाही. त्यामुळे या रूपकात काही रूपक आहे हेच मराठी वाचकाला चटकन जाणवत नाही. इंग्रज न्यायाधीशांना मात्र त्याची ओढाताण जाणवू लागली होती. नऊशे विद्यार्थ्यांच्या शाळेतील दांडगाईला पित्याचे माप लावणे काहीसे अवास्तव आहे, असे बोमाँट विरुद्ध सरे परगणा या १९६८ च्या निकालात म्हटले गेले. तथापि नऊशे मुलांचा मुख्याध्यापक हाही अखेर एक माणूसच होय. पित्याच्या जागी कंपनी आली तेव्हा खरी अडचण उभी राहिली.

२२ मार्च १९९३ रोजी प्लिमथच्या एका शाळेतील आठ विद्यार्थी, त्यांचे शिक्षक व दोन प्रशिक्षक लाइम रेजिस येथून लहान होड्या वल्हवत समुद्रात गेले. वारा वाढला, होड्या उलटल्या आणि चार विद्यार्थी मृत्युमुखी पडले. केंद्र चालविणारी संस्था ही नफ्यासाठी काढलेली एक छोटी कंपनी होती. खटल्यात निर्णायक ठरले ते एक पत्र. आदल्या वर्षी नोकरी सोडून गेलेल्या दोन प्रशिक्षकांनी केंद्रातील सुरक्षिततेच्या उणिवा व्यवस्थापकीय संचालकांना लेखी कळविल्या होत्या. धोका ठाऊक नव्हता, असे म्हणण्यास त्यामुळे जागाच उरली नाही.

डिसेंबर १९९४ मध्ये संचालकांना कारावास झाला व कंपनीला ६०,००० पौंड दंड झाला. सदोष मनुष्यवधासाठी कंपनी दोषी ठरण्याचा इंग्लंडमधील हा पहिलाच प्रसंग. १९८७ मध्ये झेब्रुग्गे बंदराबाहेर प्रवासी जहाज उलटून १९३ माणसे दगावली असताना जहाजकंपनीवरील खटला १९९० मध्ये कोसळला होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. कंपनी दोषी ठरण्यास तिचे ‘मन’ असलेली एक व्यक्ती दोषी ठरावी लागे. मोठ्या कंपनीत असे मन सापडत नसे. लाइम येथे ते एकाच खुर्चीत बसलेले होते. म्हणजे कंपनी छोटी होती म्हणूनच ती सापडली, ही गोष्ट न्यायाच्या दृष्टीने समाधानकारक नव्हे. ही उणीव २००७ च्या अधिनियमाने काही अंशी दूर केली.

प्लिमथचे संसद-सदस्य डेव्हिड जेमिसन यांच्या विधेयकातून १९९५ चा अधिनियम झाला. अठरा वर्षांखालील मुलांसाठी मोबदला घेऊन गिर्यारोहण, गुहाभ्रमण, पदभ्रमण व जलक्रीडा चालविणाऱ्यांवर त्याने परवान्याचे बंधन आले. आपल्याच विद्यार्थ्यांना नेणाऱ्या शाळा आणि आपल्याच सभासदांना नेणाऱ्या स्वयंसेवी संस्था मात्र त्यातून वगळल्या गेल्या. दिवसभर चित्रे काढवून घेणारे नि चेंडू खेळविणारे शिबिरही परवान्याबाहेरच राहिले. त्यातील आठ वर्षांखालील मुलांपुरती नोंदणीची तरतूद १९८९ च्या बाल-अधिनियमात होती. त्याहून मोठ्या मुलांच्या बाबतीत पुन्हा जुना ‘सावध पिता’च उपयोगी पडे.

भारतातील हयगयीचा कायदा याच इंग्रजी परंपरेतून आलेला. २८ मे १९९५ रोजी पठाणकोटनजीकच्या एका शाळेची सहल बियास नदीवर गेली असता चौदा विद्यार्थी बुडाले. येथे परवान्याचा प्रश्नच नव्हता. शिक्षकांच्या हयगयीबद्दल त्यांना नेमणारी शाळा जबाबदार, या सामान्य तत्त्वावर उच्च न्यायालयाने प्रत्येक मुलामागे पाच लाख रुपये भरपाई ठरविली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती कायम केली.