गलाईला गेलेले भाऊ, सासरी गेलेल्या बहिणी

विट्यात ज्या घरातलं कुणी गलाईला, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायच्या धंद्याला, गेलं नाही असं घर विरळा. माझ्या आजोबांचे दोन धाकटे भाऊ गेले, एक कोइमतूरला, दुसरा त्रिशूरला. आमचा खानापूर तालुका दुष्काळी, येरळा वर्षातून बराच काळ कोरडी. एवढ्याशा कोरडवाहू रानावर तिघांची घरं चालणार नव्हती. मग पोरगं पाहुण्याच्या दुकानात भट्टीवर बसायचं. मुशीत जुनं सोनं वितळवायचं, त्यात चांदी घालायची, मग तेजाबात चांदी-तांबं विरघळवून शुद्ध सोनं मागं ठेवायचं. हात बसला की स्वतःचं दुकान, आणि मदतीला गावाकडून पुढचा पुतण्या. या साखळीनंच आमची माणसं केरळपासून पंजाबपर्यंत पोचली.

आजोबांची सगळी भावंडं शोधायची मी ठरवलं, तेव्हा हे लांब गेलेले भाऊच आधी सापडले. तमिळनाडूत आडनाव गळून नुसती वडिलांच्या नावाची आद्याक्षरं उरली होती, तरी अडलं नाही. एका गलाई दुकानात गावाचं आणि भावकीचं नाव सांगितलं की पुढच्या दुकानाचा पत्ता मिळतो. शिवाय दसऱ्याच्या पालखी शर्यतीला यातले कितीतरी जण विट्याला येतात.

अडलं ते दोन बहिणींपाशी. सीमाभागातून येणाऱ्या, वंशावळी सांगणाऱ्या हेळव्यानं चोपडी उघडून पिढ्यान्‌पिढ्यांचे पुरुष घडाघडा म्हटले. त्यात लेकी नव्हत्या. घरातल्या म्हाताऱ्यांनाही त्यांची माहेरची नावं आठवेनात.

त्या सापडल्या तलाठ्याच्या दप्तरात. पणजोबा १९६१ साली वारले. त्याच्या पाच वर्षं आधी, १९५६ साली, हिंदू वारसा कायद्यानं लेकींना बापाच्या मिळकतीत वारस केलं होतं. म्हणून वारस नोंदीच्या फेरफारात तीन मुलांखाली दोन मुलींची नावं चढली. पाठोपाठ दुसरा फेरफार, हक्कसोडपत्राचा. भावांच्या लाभात हिस्सा सोडला, म्हणून दोघींची पूर्ण नावं, नवऱ्यांची नावं, सासरची गावं लिहिलेली : एक आटपाडी, एक मायणी. आमच्या घरातल्या बायकांचा पुरता पत्ता कागदावर आला तो त्यांनी जमीन सोडली त्या दिवशी. मला याचा राग येतो, आणि तो कागद जपून ठेवावासाही वाटतो.

मायणी विट्याहून काही फार लांब नाही. पण १९४९ साली सातारा जिल्ह्याची फाळणी झाली. खानापूर दक्षिण साताऱ्यात, म्हणजे पुढच्या सांगलीत आलं आणि मायणीचा खटाव तालुका उत्तरेत राहिला. कचेऱ्या वेगळ्या झाल्या. माहेरचं बोलावणं मात्र त्यामुळं थांबलं नाही. ते आईबापांमागं आपल्याच लोकांनी थांबवलं.

१८४५च्या बटाट्याच्या दुष्काळानं आयर्लंडची भावंडं अशीच जगभर पांगली. बोस्टनच्या ‘पायलट’ वृत्तपत्रात १८३१ ते १९२१ अशी नव्वद वर्षं हरवलेल्या नातलगांच्या जाहिराती येत होत्या. बहिणी भावांना शोधत, भाऊ बहिणींना. आमच्या या दोघींना शोधायला समुद्र ओलांडायचा नव्हता, एसटीनं जाऊन त्याच दिवशी परत येता आलं असतं.

दोघींची नातवंडं आता भेटली आहेत. गलाईवाल्या कितीतरी घराण्यांत हल्ली वंशावळी छापल्या जातात. त्या छापणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : आधी जुनी हक्कसोडपत्रं काढा, आणि प्रत्येक पिढीत लेकीचं नाव, तिचं गाव, तिची मुलं भावांच्याच ओळीत लिहा.