गोष्ट लिहिण्याचे शिक्षण

कथालेखन शिकवता येते काय, हा प्रश्न नव्याने लिहू लागलेल्या मंडळींच्या तोंडी नेहमी असतो. त्याची उत्तरे बहुधा दोन टोकांची मिळतात. एक पक्ष म्हणतो, प्रतिभा जन्माला यावी लागते, तेथे गुरू काय करणार? दुसरा पक्ष पाचपंधरा नियमांची यादी हाती ठेवून मोकळा होतो. आम्हांस वाटते, हा वाद तर्काने सोडवीत बसण्यापेक्षा इतिहासालाच विचारावे. मराठीत कादंबरी छापली जाऊ लागल्याला दीडशेहून अधिक वर्षे लोटली. एवढ्या अवधीत आमचे लेखक कोणाजवळ काय शिकले?

आरंभी शिकवणारा कोणी नव्हताच. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली निघाले. यमुना आपल्या पतीबरोबर प्रवासाला निघते आणि वाटेत तिला विधवांच्या दुःखाच्या कहाण्या ऐकू येतात. लेखकाची कळकळ शंभर नंबरी. परंतु पात्रे बोलू लागली की त्यांच्या तोंडून लेखकच बोलतो. पुढे १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली आणि लोकांना अद्भुताची गोडी लागली. उपदेश नाही तर चमत्कार, असे दोनच रस्ते दिसत होते.

हे असे का होते, याचा विचार करणारा एक मनुष्य तेव्हा निघाला, ही मोठी नवलाची गोष्ट आहे. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली नावल आणि नाटक या विषयांवर निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा की, आमच्या लोकांच्या आयुष्यात कादंबरीला पुरेल असे काही घडतच नाही. लग्ने बालपणीच होऊन जातात, देशाटन नाही, मोठ्या महत्त्वाकांक्षा नाहीत. मग लेखकाने अद्भुताकडे धाव घेऊ नये तर काय करावे? निदान वरवर पाहता युक्तिवाद बिनतोड आहे. आजही कित्येक होतकरू लेखक आम्हांस हेच ऐकवतात, की ‘आमच्या गावात काही घडत नाही हो!’

या युक्तिवादाचे उत्तर कोणी प्रतिनिबंध लिहून दिले नाही. ते हरिभाऊ आपट्यांनी कादंबरी लिहून दिले. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः येऊ लागली. हिचीही नायिका यमुनाच, हा योगायोग मोठा बोलका आहे. पदमनजींची यमुना दुःख पाहत हिंडते. हरिभाऊंची यमुना घरातच असते, आणि आपली हकिकत आपणच सांगते. येथे सारा फरक पडला. कथन तिच्याकडे सोपवल्याबरोबर लेखकाला व्यासपीठ सोडावे लागले. मुलीला जे दिसेल, जे तिला समजेल आणि जे समजणार नाही, तेवढेच आता लिहिता येणार! बालपणीची भांडणे, भातुकली, वडिलांचा धाक, सासरची माणसे, अशा क्षुल्लक भासणाऱ्या गोष्टींना एकाएकी वजन आले. मराठ्यांनी ज्या बालविवाहामुळे कादंबरीला विषय उरत नाही असे म्हटले, तोच विषय झाला. पात्र निवडण्याइतकेच, गोष्ट कोणाच्या तोंडून सांगावी याची निवड करणे महत्त्वाचे असते, हे मराठीत इतक्या ठसठशीतपणे प्रथम येथे दिसले.

हरिभाऊ इंग्रजी कादंबऱ्या वाचून शिकले हे खरेच. पण त्यांची दुसरी शाळा म्हणजे दर आठवड्याचा अंक. वाचक पुढच्या अंकापर्यंत टिकला पाहिजे, ही शिस्त छापखान्याने लावली. या शाळेचे दोषही त्यांच्यात उतरले. पाल्हाळ पुष्कळ, आणि काही कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या.

नियम खऱ्या अर्थाने आले ते ना. सी. फडक्यांबरोबर. ‘प्रतिभासाधन’ १९३१ सालचे. लेखन ही कारागिरी आहे, तिला साधना लागते, आणि ती समजावून सांगता येते, असे त्यांनी निःसंकोच म्हटले. कथेचा परिणाम एकसंध असावा हा विचार अमेरिकेत एडगर अॅलन पो याने १८४२ मध्येच मांडला होता. मराठीत तंत्राची चर्चा घरोघर पोचवली ती फडक्यांनी. त्यांची टवाळी करणे पुढे फॅशन झाली, ती आम्हांस मान्य नाही. आकर्षक आरंभ, वाढती उत्कंठा, योग्य जागी कलाटणी, हे ज्याला साधत नाही त्याने तंत्राला नावे ठेवू नयेत. मात्र अनुयायांनी घोटाळा केला. त्यांनी आधी कलाटणी ठरवली आणि मग तिच्या मापाची माणसे बेतली. शिंप्याने अंगरखा आधी शिवून गिऱ्हाईक मागाहून शोधावे, तसे झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांनी ही बैठक मोडली. माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ (१९४९) मध्ये कलाटणीची वाट पाहावी लागत नाही. माणूस उभा राहिला की गोष्ट झाली. याच सुमारास ‘सत्यकथा’ मासिकाभोवती एक आगळी शाळा तयार झाली. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक आलेली कथा बारकाईने वाचत, लेखकाशी पत्रव्यवहार करीत, पुनर्लेखन सुचवीत. ज्याची कथा अशी परत आली असेल तो त्या दिवशी खट्टू होत असेल. पण नियमांचे पुस्तक सर्वांना एकच गोष्ट सांगते, पत्र मात्र तुमच्या कथेविषयी बोलते. आमच्या मते मराठीत कथालेखनाचे सर्वांत चांगले शिक्षण या पत्रांतून झाले.

तथापि प्रत्येक शाळेला भिंती असतात. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ साली आला, तेव्हा तोवरच्या अभिरुचीने न पाहिलेले जग दाराशी उभे राहिले. राजा ढाले यांनी १९६९ मध्ये ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहून त्या दरबारावर कोरडे ओढले. त्यांचा राग अकारण नव्हता. १९८२ साली ‘सत्यकथा’ बंद पडली. दरबार गेला, आणि त्याबरोबर ते पत्रही गेले. कथा ‘छान आहे’ म्हणणारे आज मुबलक भेटतात. तिसऱ्या पानावर ती का बसते, हे सांगणारा शोधावा लागतो.

आता आपल्या सारसोळ्याकडे वळू. येथे काही घडत नाही, असे कोणी म्हणू धजेल काय? १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादनाखाली आली. भात आणि मीठ पिकवणाऱ्या, खाडीवर जगणाऱ्या आगरी-कोळी कुटुंबांच्या दोन पिढ्यांत जगणे पालटले. आज गाव आणि जेट्टी यांच्यामधून पाम बीचचा रुंद रस्ता जातो. होडीकडे जाण्यासाठी तो ओलांडणाऱ्या माणसाच्या मनात काय चालते, हे बाहेरून आलेल्या आम्हां सदनिकावाल्यांना सांगता येणार नाही. ते ज्याला ठाऊक आहे, तो लिहायला बसला की पहिली अडचण भाषेची येते. संवाद आगरीत आणि निवेदन पुस्तकी, अशी वाटणी तो सवयीने करतो. मग बोली नुसती विनोदापुरती किंवा शोभेपुरती उरते. त्याने उद्धव शेळक्यांची ‘धग’ (१९६०) काढून बसावे. कौतिकची वऱ्हाडी तेथे शोभेला आलेली नाही. तिचा कष्ट, तिचा संताप आणि तिची आशा दुसऱ्या कोणत्या मराठीत मावलीच नसती. एक प्रकरण वाचून झाले की आपल्या आजीने सांगितलेली एखादी हकिकत तिच्याच शब्दांत लिहावी, आणि ती प्रथम आजीलाच वाचून दाखवावी. ती जेथे ‘असं नव्हतं रे’ म्हणून थांबवील, तेथे पेन्सिलीने खूण करावी.