पाणंदीतून कंपनीच्या गेटपर्यंत : ड्युअल-स्पोर्ट गाडी घेताना, बदलताना आणि सांभाळताना

कागल : सकाळी सातच्या पाळीला कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीच्या गेटांवर दुचाक्यांची रांग लागते. कसबा सांगाव, यळगूड, हुपरी, पट्टणकोडोली, तळंदगे, इकडं मुरगूड आणि पलीकडं सीमाभागातल्या निपाणीकडूनही कामगार दुचाकीवरच येतात. यातल्या बऱ्याच जणांची घरी शेती आहे. पहाटे पाणंदीतून मळ्यात, तिथून हायवेवर आणि मग कंपनीत, असा एकाच गाडीचा तिहेरी प्रवास असतो. म्हणूनच गेल्या काही वर्षांत पार्किंगमध्ये स्प्लेंडर, शाईनच्या शेजारी उंच, मोठ्या पुढच्या चाकाच्या गाड्या दिसू लागल्या आहेत. पोरं त्यांना 'अॅडव्हेंचर गाडी' म्हणतात. गाडी दिसायला भारी आहेच, पण हप्ता तीन वर्षं भरायचा असतो. त्यामुळं घेण्याआधी काय बघायचं, कुठला बदल चालतो आणि देखभाल कशी करायची, याची ही माहिती.

ड्युअल-स्पोर्ट म्हणजे नेमकं काय?

डांबरी रस्ता आणि कच्ची वाट या दोन्हींसाठी बांधलेली गाडी म्हणजे ड्युअल-स्पोर्ट. ओळखायच्या खुणा चार. पुढचं चाक मोठं, बहुतेक २१ इंची. सस्पेन्शनची हालचाल जास्त. इंजिन जमिनीपासून उंच. आणि पुढचं मडगार्ड चाकापासून वर उचललेलं.

ही शेवटची खूण आपल्या भागात सगळ्यात कामाची. पावसाळ्यात काळ्या रानातून साधी गाडी काढली की मडगार्ड आणि टायरच्या मधे चिखल बसतो, चाक जाम होतं आणि काठी घेऊन चिखल उकरत बसावं लागतं. उंच मडगार्डला हा त्रास बराच कमी होतो.

देशात या प्रकाराचा परवडणारा प्रयत्न २०११ मध्ये हिरोच्या १५० सीसी 'इम्पल्स'नं झाला, पण ती गाडी फार चालली नाही. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची 'हिमालयन' आली. २०१९ मध्ये हिरोची 'एक्सपल्स २००' आली आणि हा प्रकार मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आला.

कुठली गाडी कुणासाठी?

एक्सपल्स २०० (४ व्हॉल्व्ह) : वजन सुमारे १५८ किलो, सीटची उंची ८२५ मिमी, ग्राउंड क्लिअरन्स २२० मिमी, ताकद १९ पीएसच्या आसपास. इंजिन ऑइल-कूल्ड, रचना साधी. शेत आणि पाळी दोन्ही करणाऱ्यासाठी सगळ्यात सोपी. याच गाडीच्या 'प्रो' प्रकारात सीट ८९१ मिमी आहे. साडेपाच फुटाच्या माणसाचे पाय टेकत नाहीत, चिखलात थांबायची वेळ आली की गाडी आडवी होते.

एक्सपल्स २१० : २०२५ च्या जानेवारीत आली. ताकद २४.६ पीएस, सहा गिअर आणि इंजिन लिक्विड-कूल्ड. हायवेवर रोज जास्त अंतर असेल तर ही बरी.

सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स (२५० सीसी) : पुढचं चाक १९ इंची, अलॉय आणि ट्यूबलेस. डांबरी जास्त आणि कच्चा कमी असेल त्याला ही सोयीची. पंक्चर कुठंही निघतं.

हिमालयन ४५० : ४० पीएस, टाकी १७ लिटर, पण वजन १९६ किलो. लांबच्या प्रवासाला उत्तम. उसाच्या सरीत पडली तर एकट्याला उचलायला जड. स्प्लेंडरचं वजन ११२ किलो आहे, यावरून अंदाज घ्यावा.

कावासाकी केएलएक्स २३० : वजन १३९ किलो, कच्च्या वाटेवर हलकीफुलकी. पण सीट ८८० मिमी आणि टाकी साडेसात लिटरच्या आसपास. रोज कामावर जाण्यासाठी ही पहिली निवड नव्हे.

आधी हिशेब, मग टेस्ट राइड

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि ३५० सीसीच्या वर ४० टक्के झाला. त्यामुळं एक्सपल्स, व्ही-स्ट्रॉमसारख्या गाड्या स्वस्त झाल्या आणि हिमालयन ४५० महागली. जुने व्हिडिओ बघून किंमत ठरवू नये. शोरूममधून ऑन-रोड किमतीचा फोड करून लेखी घ्यावा : एक्स-शोरूम, आरटीओ, विमा आणि अॅक्सेसरी वेगवेगळं. अॅक्सेसरी घेण्याची सक्ती नसते.

हप्त्याचं गणित नीट समजून घ्यावं. १ लाख २० हजारांचं कर्ज, १० टक्के व्याज, ३ वर्षं मुदत. व्याज घटत्या बाकीवर असेल तर हप्ता सुमारे ३,८७० रुपये येतो. तेच १० टक्के 'फ्लॅट' असेल तर हप्ता ४,३३३ रुपये. टक्का तोच, पण तीन वर्षांत साडेसोळा हजारांचा फरक. सही करण्याआधी 'फ्लॅट का रिड्यूसिंग' एवढं एक वाक्य विचारावं.

पेट्रोलही धरावं. रोज ४० किमी आणि महिन्याला २६ दिवस म्हणजे १,०४० किमी. लिटरला ६० किमी देणाऱ्या गाडीला सव्वासतरा लिटर लागतं, ३८ देणाऱ्या गाडीला सव्वासत्तावीस. महिन्याला दहा लिटर जास्त, म्हणजे हजार रुपयांच्या वर. हप्ता आणि हे हजार मिळून ओव्हरटाइम न धरता झेपत असेल तरच पुढं जावं. कंपनीत काम कमी झालं की सगळ्यात आधी ओव्हरटाइम बंद होतो, हे एमआयडीसीतल्या माणसाला सांगायला नको.

घरच्यांचाही विचार करावा. आई किंवा बायको साडी नेसून एवढ्या उंच सीटवर बसू शकते का, हे शोरूममध्येच बघावं. दुधाची किटली, वैरणीचा भारा, फवारणीचा पंप रोज न्यायचा असेल तर जुनी शंभर सीसी गाडी विकू नये. ड्युअल-स्पोर्टची मागची बाजू ओझ्यासाठी बांधलेली नसते.

सेकंडहँड घेताना

या गाड्या रानात पडण्यासाठीच असतात, त्यामुळं ओरखडे दिसले म्हणून गाडी वाईट होत नाही. बघायचं ते असं :

- गाडी मधल्या स्टँडवर किंवा दगडावर घेऊन हँडल सावकाश डावी-उजवीकडं फिरवावं. मधे अडकल्यासारखं वाटलं तर हेड बेअरिंग गेलेलं.
- फोर्कच्या नळीवर तेलाचा ओघळ आहे का? असेल तर सील गेलं.
- चाक फिरवून रिम डोलते का बघावं. प्रत्येक स्पोकवर पान्यानं हलकं वाजवावं. घट्ट स्पोक टणकन वाजतो, ढिला बद्द वाजतो.
- इंजिनखालच्या पत्र्याला पोचे किती, आणि पत्रा काढल्यावर इंजिनला वेल्डिंगची खूण आहे का?
- चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवावेत. एमपरिवहन अॅपवर कर्ज, विमा आणि दंड बाकी आहे का तपासावं.

नाव बदलताना फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडीवर कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचा दाखला. कागल म्हणजे सीमेवरचा तालुका. 'केए' पासिंगची गाडी स्वस्तात मिळते म्हणून बरेच जण घेतात. पण ती १२ महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची असेल तर कर्नाटकातल्या आरटीओचा ना-हरकत दाखला (फॉर्म २८) आणून इथं कर भरून पुन्हा नोंदणी करावी लागते. हा खर्च आधी किमतीतून वजा करावा. दाखला हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

बदल : काय चालतं, काय अडकवतं

एमआयडीसीत लेथ आहे, वेल्डिंग आहे, हाताला काम येणारे कारागीर आहेत. त्यामुळं 'दोन तासात करून देतो' म्हणणारा मित्र प्रत्येकाला असतो. इथंच सावध राहावं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंदलेल्या, कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कर्कश सायलेन्सरला वेगळा दंड आहे. पोलिसांनी सायलेन्सर रोडरोलरखाली घातल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. साडी गार्ड आणि मागच्याला धरायची दांडीही नियमानं लागते. 'लूक जातो' म्हणून ती काढू नये.

उपयोगाचे आणि कमी झंझटीचे बदल हे :

इंजिनखालचा पत्रा. कंपनीचा लहान असतो. ३ ते ४ मिमी अॅल्युमिनियमचा घ्यावा. लोखंडी पत्रा स्वस्त पडतो, पण वजन वाढतं आणि गंजतो. ऑइल काढायच्या बोल्टसमोर भोक ठेवावं, नाहीतर प्रत्येक सर्व्हिसिंगला पत्रा उतरवावा लागतो.

हँडगार्ड. गाडी पडली की क्लच-ब्रेकचा लिव्हर वाचतो. उसाच्या पात्यापासून हातही वाचतो.

साइड स्टँडचा पाय. खाली तळहाताएवढी पट्टी जोडली की मऊ रानात स्टँड रुतत नाही.

टायर. मोठ्या गुठळ्यांचे टायर चिखलात धरतात, पण ओल्या डांबरावर घसरतात आणि लवकर झिजतात. रोज हायवे असेल तर मधल्या प्रकारचेच ठेवावेत.

मागचं स्प्रॉकेट. एक-दोन दात मोठं घातलं की कमी वेगात ओढ वाढते. पण हायवेला इंजिन जास्त फिरतं आणि पेट्रोलही जास्त लागतं. नुसती पाणंदीसाठी गरज असेल तरच करावं.

जादा लाइट. रिले आणि फ्यूज लावून, मूळ वायरिंग न कापता बसवावी. तोंड खाली ठेवावं. समोरच्याचे डोळे दिपले तर अपघात आपल्याच अंगावर येतो.

गाडीवर वेल्डिंग करायचंच असेल तर आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि ईसीयूचं सॉकेट काढावं. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत वेल्डिंगच्या करंटनं ईसीयू जळू शकतो. चेसिसवर तर वेल्डिंग नकोच. मोठा बदल विमा कंपनीला कळवला नसेल तर अपघातानंतर क्लेम अडकतो.

देखभाल : धूळ, चिखल आणि पाणी

या पट्ट्यात गाडीचे शत्रू तीन आहेत. फाउंड्रीची वाळू, गळीत हंगामातली धूळ आणि राख, आणि पावसाळ्यातला काळा चिखल.

एअर फिल्टर मॅन्युअलमधल्या मुदतीच्या आधीच उघडून बघावा. वाळू इंजिनात गेली की पिस्टन-सिलिंडर खाते. तो खर्च काही हजारांत जातो, फिल्टर काही शेकड्यांत येतो.

चेन ५००-६०० किमीला आणि चिखलातून आल्यावर त्याच दिवशी धुऊन, वाळवून लुब्रिकंट लावावं. जळकं ऑइल ओतू नये, त्याला धूळ चिकटते. चेन फार आवळू नये. लांब सस्पेन्शनच्या गाडीला ती थोडी ढिलीच लागते. माप मॅन्युअलमध्ये किंवा स्विंगआर्मच्या स्टिकरवर असतं.

वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी चाकाच्या बेअरिंगवर, फोर्क सीलवर आणि रेडिएटरच्या जाळीवर जवळून मारू देऊ नये. लिक्विड-कूल्ड गाडीत बोअरचं क्षाराचं पाणी घालू नये, कूलंटच घालावं.

स्पोकच्या चाकात बहुतेक ट्यूब असते. २१ इंची ट्यूब गावातल्या पंक्चरवाल्याकडं असेलच असं नाही, म्हणून एक ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि हातपंप सोबत ठेवावा. अडचणीत २१ इंची ट्यूब मागच्या १८ इंची चाकातही बसवून घरापर्यंत येता येतं. चिखलासाठी हवा चार-पाच पीएसआय कमी केली तर हायवेला लागण्याआधी परत भरावी. एबीएसचा मोड रानासाठी बदलला असेल तर तोही डांबरावर येताच परत करावा.

पुराच्या पाण्यात गाडी घालू नका

२०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेही बंद पडला होता. उंच गाडी आहे म्हणून ओढ्याच्या फरशीवरून वाहत्या पाण्यात घालणं म्हणजे जिवाशी खेळ. वाहतं पाणी चाकाच्या आसापर्यंत आलं असेल तर थांबायचं. गाडी पाण्यात बंद पडली तर स्टार्टर मारू नये. इंजिनात पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढावी, प्लग आणि फिल्टर काढून पाणी गेलंय का बघावं.

तसंच मसाई पठार किंवा राधानगरी-दाजीपूर अभयारण्य ही सरावाची जागा नव्हे. तिथं परवानगीशिवाय गाडी घातली तर वन विभागाची कारवाई होते. सराव करायचा तर स्वतःच्या मोकळ्या रानात, नांगरट झाल्यावर.

रात्रीच्या पाळीचा रस्ता

तीन ते अकराची पाळी सुटली की हंगामात रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉल्या असतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागं लाइट नसते, रिफ्लेक्टरही उसाखाली झाकलेला असतो. हायवेवर सातारा-कागल सहापदरीकरणामुळं वळणं आणि सेवारस्ते बदलत राहतात. या गाडीवर खड्डा जाणवत नाही, म्हणून वेग नकळत वाढतो. खरी भीती तिथंच आहे. चांगलं सस्पेन्शन खड्डा गिळतं, उभी ट्रॉली गिळत नाही. त्यामुळं अॅक्सेसरीचं पहिलं बजेट आयएसआय मार्कच्या हेल्मेटचं, दुसरं रिफ्लेक्टर जाकिटाचं. बाकी सगळं त्यानंतर, हप्ता फिटत आल्यावर.