वाळीत टाकणं आणि यादीत घालणं

कल्याण-डोंबिवलीहून गाडी धरून इतके जण टिटवाळ्याला आलात, बरं वाटलं.

आजचा प्रश्न असा. अणुशस्त्रांचा प्रसार थांबवण्यासाठी काही माणसांच्या प्रवासावरच बंदी घातली जाते. ही बंदी प्रत्यक्षात अमलात कशी येते? विषय न्यूयॉर्कचा वाटेल, पण मी सुरुवात ट्रॉम्बेपासून करणार आहे.

११ आणि १३ मे १९९८ ला पोखरणला चाचण्या झाल्या. अमेरिकेनं लगेच निर्बंध लावले. त्याच वर्षी अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष राजगोपाल चिदंबरम यांना अमेरिकेनं व्हिसा नाकारला. ते जाणार होते स्फटिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कामासाठी. तो त्यांचा मूळ अभ्यासाचा विषय. आपल्या हलक्या लढाऊ विमानाच्या प्रकल्पावर लॉकहीड मार्टिनमध्ये काम करणाऱ्या भारतीय इंजिनिअरांनाही घरी पाठवलं. नोव्हेंबरात भाभा अणुसंशोधन केंद्रासकट जवळपास दोनशे भारतीय संस्था अमेरिकेच्या निर्बंधयादीत गेल्या.

मी तेव्हा कॉलेजात शिकवत होतो. स्टाफरूममध्ये दोन तट पडले. एक म्हणायचे, हा देशाचा अपमान आहे. दुसरे म्हणायचे, अहो, व्हिसा हा काय तुमचा हक्क आहे? ज्याचं घर, त्याचं दार. कायद्याच्या दृष्टीनं दुसऱ्यांचं म्हणणं बरोबर होतं. आणि म्हणूनच प्रवासबंदीचा सगळ्यात सोपा मार्ग व्हिसाची खिडकी हाच असतो. नेमका आरोप सांगावा लागत नाही, पुरावा दाखवावा लागत नाही, दाद मागायला फारशी जागा नसते.

आपल्या गावगाड्यात याला शब्द आहे, वाळीत टाकणं. गावकी ठरवते आणि त्या घरचं जाणंयेणं, विस्तव-पाणी बंद होतं. गुन्हा एकाचा असो वा कुणाचाच नसो, भोगतं सगळं घर. या प्रथेविरुद्ध महाराष्ट्राला स्वतंत्र कायदा करावा लागला, तो २०१७ मध्ये लागू झाला. १९९८ मध्ये आपल्या शास्त्रज्ञांच्या वाट्याला जे आलं, ते मला या जातीचं वाटतं. चिदंबरम यांनी चाचण्यांमध्ये भाग घेतला होता, ते त्यांनी लपवलंही नाही. पण स्फटिकांच्या बैठकीचं दार बंद करून नेमकं काय थांबलं?

आता दुसरी पद्धत बघा. ऑक्टोबर २००६ मध्ये सुरक्षा परिषदेनं उत्तर कोरियाबाबत ठराव १७१८ केला, त्यात प्रवासबंदी होती. इराणच्या बाबतीत पायरीपायरीनं गेले. डिसेंबर २००६ च्या ठराव १७३७ मध्ये फक्त एवढंच होतं, की यादीतला माणूस तुमच्याकडे आला तर लक्ष ठेवा आणि आम्हाला कळवा. २००८ च्या ठराव १८०३ मध्ये पाच जणांना सक्तीची बंदी आली. २०१० मध्ये ती यादीतल्या सगळ्यांना लागू झाली.

पण सुरक्षा परिषदेकडे ना पोलीस, ना विमानतळ. बंदी पाळायची ती प्रत्येक देशानं. आपल्याकडे त्यासाठी १९४७ चाच एक छोटा कायदा आहे, संयुक्त राष्ट्र सुरक्षा परिषद अधिनियम. त्याखाली केंद्र सरकार आदेश काढू शकतं. पुढचं काम वकिलातीतल्या व्हिसा अधिकाऱ्याचं आणि विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्याचं. म्हणजे जगाचा ठराव शेवटी सहारच्या एका काउंटरवर येऊन ठरतो. एखादा देश ढिला पडला की बंदीला भोक पडतं. इराणचे कासिम सुलेमानी यादीत असूनही जुलै २०१५ मध्ये मॉस्कोला जाऊन आल्याच्या बातम्या आल्याच होत्या.

तरी या पद्धतीत तीन गोष्टी आहेत, ज्या वाळीत टाकण्यात नसतात. नाव लिहिलेलं असतं आणि नावापुढे कारण असतं. सवलतीची वाट असते: मानवी गरज, धार्मिक कर्तव्य, किंवा वाटाघाटी. फेब्रुवारी २०१८ मध्ये उत्तर कोरियाचे चोए ह्वी समितीच्या परवानगीनं हिवाळी ऑलिंपिकसाठी दक्षिण कोरियात गेले. आणि तिसरं, यादीतून नाव काढण्यासाठी अर्ज करता येतो. ही व्यवस्था निर्दोष नाही. यादी करणाऱ्यांच्या हातात स्वतःची अण्वस्त्रं आहेत, हे आपण विसरायचं कारण नाही.

आणि आता आपणही खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो आहोत. देहरादूनच्या अवकाशविज्ञान प्रशिक्षण केंद्रात उत्तर कोरियाचे विद्यार्थी शिकून गेले, यावर संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०१६ मध्ये बोट ठेवलं. त्याच वर्षी ठराव २३२१ नं अशा प्रगत विषयांचं शिक्षण त्यांच्यासाठी थांबवलं. ज्ञान माणसाच्या डोक्यातून प्रवास करतं, हे खरंच आहे. त्यामुळे अशी बंदी कधीच नको, असं मी म्हणणार नाही.

चिदंबरम ४ जानेवारी २०२५ ला मुंबईत गेले. त्यानंतर अकरा दिवसांनी, १५ जानेवारीला, अमेरिकेनं भाभा अणुसंशोधन केंद्राचं नाव आपल्या यादीतून काढलं. सव्वीस वर्षं लागली.

म्हणून माझी अपेक्षा छोटी आहे. उद्या आपल्या काउंटरवरचा अधिकारी एखाद्या परक्या संशोधकाचा पासपोर्ट परत करेल, तेव्हा त्याला सांगता यावं: कुठल्या ठरावाखाली, कुठल्या कृत्यासाठी, आणि दाद कुठे मागायची. कारण आपण त्या रांगेत उभे राहिलेलो आहोत.

आता प्रश्न विचारा. ट्रॉम्बेतून निवृत्त झालेले कुणी बसले असतील तर त्यांना आधी बोलू द्या.