तीन उगमांचा एक 'पाव'

नेवाशाच्या बाजारात कुणी पाव किलो शेंगदाणे मागतो, शेजारच्या गाडीवर कुणी वडापाव खातो आणि मोहिनीराजापुढे हात जोडून कुणी 'देवा, मला पाव' असे विनवते. तिघांच्या तोंडी एकच शब्द आहे का? हा प्रश्न पडला की व्युत्पत्तिशास्त्राची वाट सुरू होते.

तोलायचा पाव संस्कृत 'पाद'पासून आला. जनावराचे चार पाय, म्हणून पाद म्हणजे चौथा भाग. 'पाय'ही त्याच घरचा, आणि ओवीच्या भागाला चरण म्हणण्यामागेही हीच कल्पना आहे. भाजायचा पाव पोर्तुगिजांबरोबर समुद्रावरून आला. मूळ उच्चारातले अनुनासिक मराठीत गळले. देवाचे पावणे 'प्राप्' धातूचे: पोचणे, मिळणे, आणि मग प्रसन्न होणे.

ध्वनी झिजले, रूपे सारखी झाली. तरी व्याकरण खुणा जपून ठेवते. 'पाव किलो'तला पाव बदलत नाही, खाण्याच्या पावाचा तुकडा होतो, आणि देव मात्र भक्ताला पावतो.

अशीच खूण नेवाशातल्या पैसाच्या खांबाच्या नावात आहे. 1290 मध्ये ज्ञानेश्वरी या खांबाशी सांगितली गेली, अशी श्रद्धा. नाव ऐकून नाणे आठवते. पण पैसा असता तर 'पैशाचा खांब' झाला असता. 'पैस' म्हणजे विस्तार, मोकळी जागा. 'ऐसपैस' म्हणताना तो आजही आपल्या तोंडी असतो. दुर्गा भागवतांनी आपल्या ललितलेखसंग्रहाला हेच नाव दिले.

नेवाशातच, प्रवरा नदीच्या काठी, 1954 ते 1956 या काळात ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. वरचा थर आधी, अश्मयुग शेवटी. शब्दही असाच खणावा. आज लोक तो कसा वापरतात ते आधी नोंदवावे. मग मोल्सवर्थचा 1831 चा कोश, जुन्या पोथ्या, कृ. पां. कुलकर्णींचा 1946 चा व्युत्पत्तिकोश. वरचा थर न पाहता थेट संस्कृतात उडी घेणाऱ्याला पोर्तुगीज पाव कधीच सापडणार नाही.

वाचकहो, या शास्त्रात सर्वांना पैस आहे. आज घरात ऐकलेला एक छोटा शब्द वहीत उतरवा, आणि अर्थ शोधण्याआधी त्याची विभक्तीची रूपे लिहा. पहिला थर उघडेल.