पेशीसंवर्धन माध्यम
पेशीसंवर्धन माध्यम म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्यासाठी वापरले जाणारे पोषक द्रावण होय. चिनी हॅमस्टरच्या अंडाशयापासून मिळवलेल्या पेशींमध्ये मानवी जनुक घालून औषधी प्रथिने तयार करतात. रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या अशाच एका प्रथिनाला अमेरिकेत १९८७ मध्ये मान्यता मिळाली. या प्रथिनांचे प्रमाण व गुणवत्ता माध्यमाच्या घटकांवर अवलंबून असते. ग्लुकोज व ग्लुटामिन ही पेशींची मुख्य इंधने. मात्र ती अतिरिक्त झाल्यास लॅक्टेट व अमोनिया साचून वाढ खुंटते. म्हणून पोषके टप्प्याटप्प्याने पुरवली जातात. मँगनीज व गॅलॅक्टोजच्या प्रमाणानुसार प्रथिनावरील शर्करासाखळ्या बदलतात. परिणामी औषधाची कार्यक्षमताही बदलू शकते. गुरांच्या रक्तद्रवातून रोगसंसर्गाचा धोका असल्याने रक्तद्रवविरहित माध्यमांना प्राधान्य दिले जाते.