याझू

याझू : ब्रिटिश सिंथ पॉप जोडी. वादक व गीतकार व्हिन्स क्लार्क (जन्म ३ जुलै १९६०) आणि गायिका ॲलिसन मॉयेट (जन्म १८ जून १९६१) ही ती दोन माणसे. अमेरिकेत 'याझू' हे नाव आधीच दुसऱ्यांकडे असल्यामुळे तिथे त्यांच्या तबकड्या 'याझ' या नावाने निघाल्या. मूळ नाव मॉयेटने सुचवलेले; जुन्या ब्लूज गाण्यांच्या तबकड्या काढणाऱ्या एका अमेरिकन कंपनीचे ते नाव होते. यंत्रांवर वाजणाऱ्या संगीताला ब्लूजचे नाव, यातच या जोडीचे निम्मे वर्णन येते. १९८१ च्या अखेरीपासून मे १९८३ पर्यंत, म्हणजे जेमतेम दीड वर्ष, ही जोडी टिकली. तेवढ्यात दोन अल्बम झाले. पुढची पंचवीस वर्षे दोघे एका रंगमंचावर आले नाहीत.

लंडनच्या पूर्वेकडील गर्दी हलवण्यासाठी दुसऱ्या महायुद्धानंतर वसवलेल्या बॅझिल्डन या नव्या नगरात क्लार्क वाढला. 'डिपेश मोड' हा गट त्यानेच उभा केला. त्या गटाचे 'जस्ट कान्ट गेट इनफ' हे गाजलेले गाणे त्याचेच. पण दौरे, मुलाखती, छायाचित्रे यांना कंटाळून पहिल्या अल्बमनंतर, १९८१ मध्येच, तो बाहेर पडला. मॉयेट त्याच परिसरातली. ती पंक आणि ऱ्हिदम अँड ब्लूजच्या स्थानिक गटांत गायची. आपल्याला ब्लूजचे साथीदार हवेत अशी जाहिरात तिने 'मेलडी मेकर' या संगीत साप्ताहिकात दिली, आणि फोन आला तो सिंथेसायझरवाल्याचा. क्लार्कला 'ओन्ली यू' हे एकच गाणे नमुना म्हणून गाऊन हवे होते.

मार्च १९८२ मध्ये म्यूट रेकॉर्ड्सने काढलेले ते गाणे ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले, जुलैमधले 'डोन्ट गो' तिसऱ्या. 'सिच्युएशन' तर 'ओन्ली यू'च्या तबकडीच्या मागच्या बाजूला पडलेले गाणे, पण अमेरिकेच्या नृत्यगृहांनी ते उचलून धरले. ऑगस्ट १९८२ मधील 'अपस्टेअर्स ॲट एरिक्स' या पहिल्या अल्बमच्या नावातील एरिक म्हणजे ध्वनिमुद्रक एरिक रॅडक्लिफ. त्याचा ब्लॅकविंग स्टुडिओ लंडनमधल्या एका जुन्या चर्चमध्ये होता.

क्लार्कच्या हाताखालच्या 'प्रो-वन' सिंथेसायझरमधून एका वेळी एकच सूर निघतो. पेटीवर उजव्या हाताच्या एका बोटाने चाल काढावी, तसे. त्यामुळे एकेक ओळ वेगळी मुद्रित करून वर दुसरी चढवावी लागे. गर्दी करणारे स्वरगुच्छ त्यात नाहीत. प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो. त्या मोकळ्या जागेत मॉयेटचा खर्जाकडे झुकणारा, भरदार आवाज मावला. सिंथ पॉपचे तेव्हाचे बरेचसे गायक यंत्राशी जुळवून घेत कोरडे गात. ही बाई यंत्राला जुमानत नाही, आणि माझ्या मते ही गाणी जुनी न होण्याचे कारण तेच आहे.

यंत्र आणि जुने संगीत यांची अशीच गाठ दुसरीकडेही पडत होती. याच वर्षी, १९८२ मध्ये, मुंबईत हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग जपानी रोलँड कंपनीची यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवत होते. तो अल्बम त्या वेळी कोणी फारसा विकत घेतला नाही.

दुसरा अल्बम 'यू अँड मी बोथ' जुलै १९८३ मध्ये निघाला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचला, पण तोवर जोडी फुटलेली होती. भांडणापेक्षा अबोला जास्त. त्या अल्बमसाठी दौरा निघालाच नाही. त्यामुळे त्यातली बहुतेक गाणी तेव्हा लोकांसमोर गायलीच गेली नाहीत. मॉयेट १९८४ च्या 'आल्फ' या एकल अल्बमने पुन्हा अग्रस्थानी गेली. क्लार्कने १९८५ मध्ये गायक अँडी बेलबरोबर 'इरेजर' ही जोडी उभारली आणि ती मात्र दशकानुदशके चालली.

मे २००८ मध्ये जुन्या ध्वनिमुद्रणांचा 'इन युअर रूम' हा संच निघाला. त्याच सुमारास दोघांनी 'रीकनेक्टेड' हा दौरा केला. डेन्मार्क, ब्रिटन, अमेरिका अशा देशांत प्रयोग झाले. दौऱ्यातील ध्वनिमुद्रण 'रीकनेक्टेड लाइव्ह' या नावाने सप्टेंबर २०१० मध्ये दोन सीडींत आले. (चरणजित सिंग यांचा अल्बमही एका डच संग्राहकामुळे याच वर्षी पुन्हा निघाला.)

पुनर्मीलनाच्या मैफली बहुधा आठवणींवर चालतात. इथे हिशेब वेगळा आहे. पूर्व विदर्भातल्या सिंदेवाही-नवरगावकडे धानकापणीनंतर झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात. तिथल्या प्रेक्षकाला संहिता छापून आली म्हणजे नाटक झाले, असे कोणी पटवू शकणार नाही. मंडपात प्रयोग लागला की नाटक. त्या मापाने 'यू अँड मी बोथ' पंचवीस वर्षे प्रयोगावाचून राहिलेली संहिता होती. म्हणून 'रीकनेक्टेड लाइव्ह'मधला तो भाग पुनर्भेटीचा नव्हे, पहिल्या प्रयोगाचा दस्तऐवज ठरतो. पहिल्या अल्बममधली गाणी तिथे ओळखीची वाटतात, दुसऱ्यातली मात्र नवी.

मंचावर फक्त दोघेच. क्लार्कसमोर संगणक, वाद्यमेळ सगळा त्यात आधीच भरलेला, त्यामुळे तो जवळजवळ निश्चल. नाटकातला ऑर्गनवादक गाणाऱ्याच्या श्वासासाठी क्षणभर थांबतो. संगणक थांबत नाही. हा या ध्वनिमुद्रणाचा उणेपणा आहे, आणि तो जागोजाग जाणवतो. मॉयेट त्या ताठ ठेक्याच्या मागेपुढे शब्द सरकवून वाट काढते. मधल्या काळात तिचा आवाज आणखी गडद झाला आहे. मैफलीची सुरुवात 'नोबडीज डायरी'ने होते. हे गाणे तिने किशोरवयात लिहिले होते, १९८३ मध्ये ते तिसऱ्या क्रमांकावर गेले होते आणि २००८ मध्ये ते गाताना ती सत्तेचाळिशीच्या उंबरठ्यावर होती.

मे २०११ मध्ये लंडनच्या राउंडहाउसमधील म्यूट रेकॉर्ड्सच्या महोत्सवात दोघे थोडा वेळ पुन्हा एकत्र गायले-वाजवले.